अंगात कुठेही मांस उडतं आणि भीती वाटते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, नाशिकला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर, रात्री दीड-दोनपर्यंत काम, दिवसाला आठ-नऊ कप चहा, आणि एके रात्री आडवी झाले तर डावी पोटरी उडायला लागली ती थांबेचना. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर शोधलं, एएलएस नावाचा स्नायूंची ताकद घालवणारा जीवघेणा आजार समोर आला, आणि पुढचे सात महिने मी मरणार असं धरून जगले. त्यानंतर ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

उडतं म्हणजे नक्की काय होतं?

कोणी मांस उडतं म्हणतं, कोणी शीर उडते, कोणी नस फडफडते, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. शीर म्हणजे रक्ताची नळी, ती यात नसतेच. पाठीच्या कण्यातल्या एका पेशीतून एक बारीक तार निघते आणि स्नायूतल्या बऱ्याच धाग्यांना एकदम हुकूम देते. ती तार कधी कधी कोणी न सांगता आपली आपणच ठिणगी टाकते, मग तेवढे धागे एकदम आखडतात आणि कातडीखाली टुणकन काहीतरी उडाल्यासारखं होतं. डॉक्टर त्याला फॅसिक्युलेशन म्हणतात. पाय हलत नाही, पायावरची कातडी हलते. (अंगठा किंवा करंगळी मात्र कधी कधी खरंच हलते, बारीक असतात ना.)

गोळा येणं, वांब येणं हे वेगळं, त्यात स्नायू घट्ट होऊन दुखतो. आणि झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखं दचकायला होतं ते अजून वेगळं, त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

निरोगी माणसाला होतं का हे?

होतं. निरोगी लोकांना विचारलं तर दहातले सातेक जण कधी ना कधी झालंय म्हणतात. फरक एवढाच की त्यांनी ते शोधलं नाही.

डोळा लवतोय, तो पण हाच प्रकार का?

जवळपास. बहुतेक वेळा खालची पापणी असते, कमी झोप, स्क्रीन, चहा-कॉफी, टेन्शन ही कारणं. बाईचा डावा आणि पुरुषाचा उजवा लवला तर शुभ, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. माझा डावा लवायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, माहेरचं कोणीतरी येतंय बघ, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एकाच पापणीचे दोन अर्थ, एकाच घरात. त्यांचा अर्थ जास्त बरा होता हे आता कळतं.

महिनाभर थांबलंच नाही, पापणी आपोआप पूर्ण मिटायला लागली किंवा डोळ्याबरोबर गाल-ओठाचा कोपरा पण ओढला जायला लागला तर मात्र दाखवा.

मला एएलएस झालाय का?

हा खरा प्रश्न, बाकीचे सगळे याच्या आजूबाजूचे. आपल्या पिढीने हे नाव बहुतेक २०१४ मध्ये ऐकलं, या आजारासाठी पैसे गोळा करायला लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेत होते तेव्हा. आपल्याकडचे डॉक्टर जास्त करून एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज) म्हणतात. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात, आजार वाईट आहे, आणि त्यात मांस उडतं हे पण खरं. पण नेटवर लक्षणांच्या यादीत 'स्नायू फडफडणे' वाचलं की आपण उलटा हिशोब लावतो, की फडफडतंय म्हणजे तेच. सगळ्या कावळ्यांना पंख असतात म्हणून पंखवाला प्रत्येक पक्षी कावळा नसतो.

आता हे नीट वाचा. एएलएसमध्ये साधारणपणे आधी ताकद जाते किंवा उडण्याबरोबरच जाते. स्टीफन हॉकिंगना १९६३ साली २१ व्या वर्षी निदान झालं, त्याच्या आधी ते अडखळत होते, जिन्यावरून पडले होते. अमेरिकेतला बेसबॉलवाला लू गेरिग, ज्याच्या नावाने तिकडे हा आजार ओळखतात, तो सलग २१३० मॅच खेळला, पण त्यातच १९३८ च्या सीझनला त्याची बॅटिंग ढेपाळली, १९३९ मध्ये निदान. दोघांच्याही गोष्टीत लोकांच्या आधी लक्षात आलं ते हे की माणसाला काल जमत होतं ते आज जमत नाहीये. पोटरीतल्या फडफडीपासून यातली एकही गोष्ट सुरू होत नाही.

आणि वय. बहुतेक पेशंट पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात, हॉकिंग अपवाद म्हणूनच लक्षात राहतात. युरोप-अमेरिकेतले आकडे बघितले तर वर्षाला लाखात साधारण दोन नवे पेशंट. माझ्या वेळी मला हा आकडा सांगितला तर मी म्हणायचे की त्या दोघांतली एक मी असले तर? भीतीला आकडे कळत नाहीत, मी दिवसभर आकड्यातच असते तरी मला कळत नव्हते.

पण नुसतं उडण्यापासून पुढे एएलएस होतो का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये एक अभ्यास छापला. १२१ लोक, सगळ्यांचं मांस उडायचं पण तपासणीत बाकी काही नाही, त्यांची दोन ते ३२ वर्षांनंतर चौकशी केली. एकालाही एएलएस झाला नव्हता. गंमत म्हणजे त्यातले बरेच जण मेडिकल लाईनचेच होते. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) तर खास डॉक्टरांना होणाऱ्या या भीतीवरच लिहिलं, म्हणजे ज्यांनी पुस्तकात वाचलंय त्यांनाच जास्त. पूर्वी एमबीबीएसची पोरं पुस्तकातला आजार स्वतःला लावून घ्यायची, ते आता मोबाईलमुळे आपण सगळे करतोय.

मग घाबरायचं कधी? म्हणजे डॉक्टरकडे कधी जायचं?

घाबरायचं कधीच नाही, जायचं मात्र या वेळी: चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पाऊल उचललं जात नाही म्हणून ठेच लागते, कुलपात किल्ली फिरवता येत नाही, शर्टाची बटणं किंवा साडीच्या निऱ्या ज्या हाताने वर्षानुवर्षं केल्या त्या आता जमत नाहीत, बोलणं जड येतं आणि समोरचा दोनदा विचारतो, पाणी पिताना ठसका लागतो, हाताचा किंवा पायाचा एखादा स्नायू दिसायला बारीक झालाय आणि ते दुसऱ्यालाही दिसतंय. यातलं काही असेल आणि वाढत असेल तर थांबू नका, लगेच न्यूरॉलॉजिस्ट.

पाय जड वाटतो, हातात जीव नाही असं वाटतं, हे वेगळं. मला रोज वाटायचं. पण त्याच जड पायाने मी तीन मजले चढून ऑफिसात जायचे आणि त्याच जीव नसलेल्या हाताने कुकरचं झाकण लावायचे. वाटणं आणि न जमणं यातला फरक आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता, मी तो ऐकला सातव्या महिन्यात.

हे कशाकशाने होतं?

जास्तीचा चहा-कॉफी आणि ते एनर्जी ड्रिंक, जागरण, सवय नसताना एकदम केलेला व्यायाम किंवा ट्रेक, ताप येऊन गेल्यावर, टेन्शन. थायरॉईड जास्त असेल तर. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कमी झालं असेल तर, जुलाब-उलट्यांनंतर पण. ॲसिडिटीची ओमेप्रॅझोल-पँटोप्रॅझोल टाईप गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, आपल्याकडे ती गोळी लोक बडीशेपेसारखी खातात म्हणून मुद्दाम लिहिलं. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप घेतल्यावर हात थरथरतात, मांस उडतं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या. झोपेची किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी अचानक बंद केली तरी. कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारा एवढंच.

बी-१२ चं विचारतात सगळे. शाकाहारी घरात ते कमी असतंच बऱ्याचदा, त्याने मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, थकवा येतो. तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढा, पण बी-१२ घेतलं आणि तरी उडतंय म्हणजे मोठंच काहीतरी आहे असा निष्कर्ष काढू नका. मी काढला होता.

शेतात फवारणी करून आल्यावर उडायला लागलं तर?

इथे सगळं वरचं विसरा. हे वेगळं आणि तातडीचं. फवारणीच्या काही औषधांनी, मोनोक्रोटोफॉससारखी जी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत, शरीरातलं एक एन्झाइम बंद पडतं आणि नस स्नायूला एकदा दिलेला हुकूम मागेच घेत नाही. मग अंगभर मांस उडतं, दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उलट्या, छातीत घरघर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि कित्येक जण दगावले. आमच्याकडे निफाड-दिंडोरीला द्राक्षबागांत फवारणी चालूच असते म्हणून सांगते: कपडे लगेच काढा, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, घरी उलटी काढत बसू नका, बाटली किंवा तिचं लेबल बरोबर घ्या आणि सरळ हॉस्पिटल. 'जरा पडतो, बरं वाटेल' असं म्हणून पडून राहू नका.

नुसत्या टेन्शनने खरंच एवढं होऊ शकतं? मला तर टेन्शनच नाही.

मलापण नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगायचे, सप्टेंबर महिन्यात. घाबरलं की माणूस भरभर, वरवर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, रक्ताचा आम्लपणा बदलतो, आणि नसांच्या कामी येणारं मोकळं कॅल्शियम थोडं खाली येतं. मग नसा चिडचिड्या होतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, मांस उडतं. म्हणजे भीतीने खरंच उडतं, मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखं काही नाही, आणि उडालं की आपण अजून घाबरतो. त्यात पुन्हा सगळं लक्ष तिथेच. दिवसभर कामात असताना उडलेलं कळतच नाही, रात्री लाईट बंद केला की प्रत्येक टुणकन मोजलं जातं.

मी रोज ताकद चेक करतो, टाचांवर चालतो, चवड्यांवर उभा राहतो. बरोबर आहे ना?

नाही. हे थांबवा, बाकी काही नाही थांबवलं तरी चालेल.

माझं सांगते. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी दोन्ही पोटऱ्या मोजायचे. गुडघ्याखाली बरोबर चार बोटं सोडून बॉलपेनने खूण केलेली, म्हणजे रोज त्याच जागी माप घेता यावं. डावी पोटरी ३३, उजवी ३४. एक सेंटीमीटर! मला वाटलं झालं, डावा पाय वाळायला लागला. वहीत तारखेसह नोंदी, आमच्या ऑफिसच्या लेजरपेक्षा नीट. नंतर कळलं की बऱ्याच लोकांच्या दोन पायांत एवढा फरक असतोच, आपण ज्या पायावर जोर देतो तो थोडा जाड असतो, आणि टेप जरा तिरकी धरली तरी अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होतो. पण खूण रोज अंघोळीत जायची आणि मी रोज परत करायचे.

जिभेचं पण तेच. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च मारून जीभ बाहेर काढायची आणि ती थरथरते का बघायचं. बाहेर काढलेली जीभ सगळ्यांचीच थरथरते! डॉक्टर जीभ तोंडात सैल पडलेली असताना बघतात. हे कळल्यावर मी नवऱ्याला जीभ काढायला लावली, त्याची माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती, आणि मग दोन दिवस मला त्याची काळजी.

चवड्यांवर पन्नास वेळा वर-खाली केलं की पोटरी दमणार, दमली की उडणार, उडली की परत चेक करणार. ताकद बघायची तर डॉक्टर वर्षातून एकदा दोन मिनिटांत बघतात तेवढी पुरे. मी आधी दिवसाला एकदा, मग आठवड्यातून एकदा फक्त रविवारी, मग टेपच सासूबाईंना देऊन टाकली. पहिले चार दिवस फार वाईट गेले, हात सारखा पोटरीकडे जायचा. नंतर कमी झालं.

कुठल्या टेस्ट करून घेऊ?

डॉक्टर सांगतील त्या. साधारणपणे थायरॉईड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बी-१२, शुगर. पण सगळ्यात महत्त्वाची टेस्ट म्हणजे डॉक्टरांनी हातोडीने गुडघा ठोकणं, हातपाय ढकलून बघणं, चालायला लावणं. त्याला कागदावर रिपोर्ट येत नाही म्हणून आपल्याला ती टेस्ट वाटत नाही.

ईएमजी करू का? दुखतं का?

न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं तर करा. आधी एनसीव्ही, म्हणजे नसांची तपासणी, त्यात छोटे छोटे करंट देतात, मग ईएमजी, म्हणजे स्नायूंची तपासणी, त्यात बारीक सुई स्नायूत घालून मशीनवर आवाज ऐकतात. दुखतं, पण रक्त काढताना दुखतं त्याच्या थोडं वर, एवढंच. माझी नॉर्मल आली. तपासणीत ताकद चांगली आणि उडायला लागून काही महिने झाल्यावर केलेली ईएमजी नॉर्मल, म्हणजे विषय संपला.

मी संपवला नाही. सुई उडणाऱ्या जागी नीट लागलीच नाही असं म्हणून दुसऱ्या ठिकाणी परत केली, ती पण नॉर्मल. पहिल्या रिपोर्टने अकरा दिवस शांत वाटलं, दुसऱ्याने तीन. तेव्हा कुठे डोक्यात आलं की तिसऱ्याने एक दिवस वाटेल.

नेटवर वाचू की नको? एआयला विचारलं तर चालतं ना?

एकदा वाचलं तर माहिती, चाळिसाव्यांदा वाचलं तर ते वाचणं राहत नाही. एआयचं पण तेच, तो कंटाळत नाही हाच त्रास आहे. माणूस निदान वैतागून म्हणतो आता बास.

सायकायट्रिस्टकडे पाठवलं. म्हणजे डॉक्टरांना वाटतंय मी नाटक करतेय?

नाही हो. मांस उडतं हे खरं, त्याची भीती हा वेगळा आजार, आणि या भीतीला उपचार आहे. पूर्वी हायपोकॉन्ड्रिया म्हणायचे, २०१३ पासून अमेरिकेच्या मानसोपचाराच्या यादीत त्याला आजारपणाच्या चिंतेचा विकार अशा अर्थाचं नाव आहे. सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी असते, त्यात चेक करणं आणि विचारत राहणं कमी करायला शिकवतात. मला बारा-तेरा सेशन लागली. काहींना एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन अशा गोळ्या देतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं, मध्येच सोडू नका. अल्प्राझोलामने त्याच दिवशी शांत वाटतं म्हणूनच तिची सवय लागते, ती शेजारणीच्या डब्यातून घेऊ नका.

पैशाचा प्रश्न असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो. आणि टेली मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. रात्री तीन वाजता जीव नकोसा वाटायला लागला तर आधी हा नंबर.

व्यायाम करू का?

करा. चाला, योगा करा, जिम असेल तर जिम. नंतर थोडं जास्त उडेल, उडू दे.

मॅग्नेशियमची गोळी?

कमी असेल तर डॉक्टर देतील. नाहीतर शेंगदाणे, तीळ, बाजरी, नाचणी, पालेभाजी, घरात आहेच. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

तुमचं थांबलं का?

थांबलं नाही, कमी झालं. सप्टेंबरात वाढतं. चहा तीन कपांवर आणलाय, सहा-सात दिवस डोकं दुखलं त्यासाठी.

घरच्या माणसाला हा त्रास आहे, सारखं विचारतं 'मला काही झालं नसेल ना'. काय उत्तर द्यायचं?

'काही नाही ग, वेडी आहेस' हे नको आणि रोज वीस वेळा 'काही नाही होत' हे पण नको, कारण ते उत्तर अर्ध्या तासात विरघळतं आणि परत विचारावं लागतं. आमच्या थेरपिस्टने नवऱ्याला बोलावून सांगितलं होतं की एकदा नीट उत्तर द्या, जवळ बसा, आणि त्यानंतर त्याच प्रश्नाचं उत्तर देऊ नका, विषय कामाकडे न्या. बिचारा सुरुवातीला फार अवघडायचा. आता मी पोटरीकडे बघत काही बोलायला लागले की तो शांतपणे म्हणतो, दूध उतू जातंय बघ, आणि मी उठून ओट्याशी जाते. बहुतेक वेळा गॅसवर दूध ठेवलेलंच नसतं.